प्रमिलाताईंचे तीन दात

वैताग या शब्दाला माझ्यापुरता एक चेहरा आहे. उजव्या बाजूने चावणारा, डाव्या गालावर पदर ओढलेला, आणि तोंड उघडलं तर डावीकडचे वरचे तीन दात नसलेला. प्रमिलाताई आमच्या दवाखान्यात बावीस वर्षं होत्या. त्यातली पहिली अकरा माझ्या वडिलांच्या हाताखाली आणि पुढची अकरा माझ्या डोक्यावर.

मी दातांचा डॉक्टर. नंदुरबारला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा दवाखाना आहे, वडिलांनी थाटलेला. ते गेल्यावर पेशंटची खुर्ची, एक्स-रेचं यंत्र, भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो आणि प्रमिलाताई एवढा वारसा माझ्याकडे आला. खुर्ची मी बदलली, यंत्र बदललं. प्रमिलाताईंना बदलायचं महिन्यातून एकदा तरी ठरवायचो. पण दहावीत मला गणितात किती मार्क पडले होते ते त्यांना पाठ होतं, आणि खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटला ते ऐकवायला त्या कमी करत नसत. अशा बाईला काढून टाकायला निराळी छाती लागते.

त्यांचं काम साधं होतं. पेशंटचं नाव, गाव, वय रजिस्टरात लिहायचं, ट्रे लावायचा, हत्यारं निर्जंतुक करायला यंत्रात टाकायची. ते यंत्र दिसायला प्रेशर कुकरसारखं असल्यामुळे आम्ही त्याला कुकरच म्हणतो. पण बाई पेशंट असली की नाव, गाव, वय यानंतर प्रमिलाताईंचा चौथा प्रश्न यायचा, आणि तो बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जायचा.

"डोकावरतीन पानी कव्हय लिन्हं वं?"

तापीकाठच्या घरांमधून अजूनही पाळीचे चार दिवस बाई बाजूला बसते आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेते. त्यामुळे प्रश्नाचा अर्थ बाकावरच्या लहान-थोरांना चोख कळत असे. बायका खाली बघत. पुरुष छताकडे बघत. मी आत तोंडावर मास्क असल्याबद्दल देवाचे आभार मानत असे.

एकदा शहाद्याकडचे एक रिटायर्ड गुरुजी सुनेला घेऊन आले. प्रश्न ऐकला, टोपी डोक्यावर ठेवली आणि सुनेला उठवून चालते झाले. जाताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सांगून गेले की या दवाखान्यात रीतभात राहिलेली नाही. मी संतापलो. मी दवाखान्यात शुद्ध मराठीच बोलतो, ही वडिलांनी लावलेली सवय. त्याच शुद्ध मराठीत म्हणालो, "ताई, हा दातांचा दवाखाना आहे, बाळंतपणाचा नाही."

"मंग?" त्या म्हणाल्या. "दात काय अंगना बाहेर ऱ्हातस का?"

मी पुढचा पेशंट बोलावला.

त्यांचा नवरा काय करायचा, माहेर कुठलं, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. एक मुलगी अक्कलकुव्याला दिली होती, एवढं ठाऊक. पण त्यांच्या डाव्या गालाची खडान्‌खडा माहिती मला होती, कारण आमचा दवाखाना त्या गालाच्या हुकमावर चालायचा. महिन्यातले काही दिवस त्या सकाळी येतानाच जाहीर करायच्या, "आज मन्हं थोबाड मन्हं नही." त्या दिवशी पंखा बंद. मे महिना असला तरी बंद. वाऱ्याची झुळूक गालावर आली तरी त्या डोळे मिटून घेत. चहा कोमट, तोही बशी उजवीकडे कलती करून. बोलणं जवळपास बंद, हा त्यातला एकच फायदा. चार-पाच दिवसांनी पंखा पुन्हा फिरायला लागायचा आणि त्यांचं तोंडही.

त्या तीन दातांच्या जागी मी नवे बसवून देतो म्हणून किती वेळा मागे लागलो. दातांच्या डॉक्टरची मदतनीस बोळकी, हे बरं दिसतं का? पण नाही. "ऱ्हाऊ दे भाऊ. कामी येस ते." कामी कसे येतात ते मी रोज बघत होतोच. कुठली बाई दात उपटून घ्यायचा हट्ट धरून आली की प्रमिलाताई तिला कोपऱ्यात घेत, आ करत आणि बोटाने एकेक जागा दाखवत. "हाऊ पाह्य. हाऊ. आनि हाऊ. तिन्ही चांगला व्हतात." कोणी काढले म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं होतं, "व्हता एक डॉक्टर."

आणि मग ती पक्कड. दात काढायची पक्कड ही आमच्या धंद्यातली मुख्य वस्तू. वरच्या दाढांच्या दोन, खालच्या दाढांच्या दोन, सगळ्या वडिलांच्या वेळच्या, उत्तम पोलादाच्या. पण काही ठरावीक बायका खुर्चीत बसल्या की मी हात पुढे करायचो आणि हातात काहीच यायचं नाही. "पक्कड कुकरमा शे." दुसरी? "ती बी कुकरमा शे." मग कुकर गार व्हायचा होता, मग त्याचं झाकण अडकलं होतं, मग लाईट गेली होती. तोवर प्रमिलाताईंनी पेशंटला गोळी देऊन, दहा दिवसांनी या म्हणून वाटेला लावलेलं असायचं. पाच-सहा वेळा मी हा योगायोग समजलो. गणितातले मार्क उगाच कमी पडले नव्हते.

त्या बायका दहा दिवस कशाला थांबतील? निम्म्या सरळ स्टेशनकडच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जात. तो पाच मिनिटांत दात हातात ठेवी. नंतर बाजारात भेटल्या की मला मुद्दाम ऐकवत, की तिकडे काढला आणि चार दिवसांत गाल शांत झाला बघा. मी ते जसंच्या तसं प्रमिलाताईंना ऐकवायचो.

"जाईच ना," त्या म्हणायच्या. "चार दिन झायात का ते जासच."

मी हे ऐकायचो आणि हात धुवायला जायचो. बाईमाणूस काहीतरी बोलतंय, एवढाच त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायचा.

एका हिवाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी त्या सव्वा महिना अक्कलकुव्याला गेल्या. ते माझे सुखाचे दिवस. पंखा लागत नव्हता, तरी मी हौसेने लावायचो. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. पकडी ट्रेमध्ये ओळीने हजर.

त्या दिवसांत तापीकाठच्या प्रकाशा गावाहून ज्योती नावाची एक सून सासूबरोबर आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. उजवा गाल हाताने धरून बसलेली, डोळ्यांत पाणी. कानापासून हनुवटीपर्यंत ठणका मारतो म्हणाली. सासूचं म्हणणं, मिरचीची धांस नाकातोंडात गेली असेल. आमच्याकडे मिरचीच्या दिवसांत पोटशूळसुद्धा मिरचीच्या धांसेवर ढकलतात. मी एक्स-रे काढला, दात स्वच्छ होते. आरशाच्या दांडीने एकेक दात ठोकून पाहिला, तर खालच्या दोन दाढांवर ती कळवळली. बारीक तडा असेल, एक्स-रेत दिसत नसेल, असं मी स्वतःला समजावलं आणि मागची दाढ काढली. आठवड्याने सासूने टोपलीभर पपया पाठवल्या. सुनेला अगदी आराम पडला होता. त्यातली एक पपई मी प्रमिलाताईंसाठी बाजूला ठेवली, ती त्यांना खिजवायला.

बरोबर चार आठवड्यांनी ज्योती परत. तोच गाल, आता पुढची दाढ. मी तीही काढली. पुन्हा पपया.

प्रमिलाताई परत आल्या तेव्हा पहिली पपई सडून गेली होती, पण नव्यातली एक होती. मी ती त्यांच्या पुढ्यात ठेवून सगळी हकीकत सांगितली, जरा तोऱ्यातच. त्यांनी पपईला हात लावला नाही. रजिस्टर उघडलं, ज्योतीच्या दोन तारखा बघितल्या आणि औषधांच्या कपाटामागून भिंतीवरच्या कॅलेंडरांची चळत ओढून काढली. दर वर्षाचं कॅलेंडर त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यावरच्या फुल्या दुधाच्या, असं मी इतकी वर्षं समजत होतो. दूध आमच्याकडे दवाखान्यात येतच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

प्रत्येक फुलीशेजारी एखाद्या बाईच्या नावाचं पहिलं अक्षर होतं आणि खाली ती बाजूला बसल्याचा कितवा दिवस, तो आकडा. एक, दोन, दोन, एक, तीन, दोन. पानामागून पान तेच. आणि दर महिन्याला एक उभी रेघ. ती त्यांची स्वतःची होती.

"आते ध्यान दीसन आयक," त्या म्हणाल्या. "चार दिन बाईले सयपाकले हात लावना नही, पानी भरना नही. दवाखानाले जावाले तिले तेच चार दिन सापडतस. आनि थोबाड बी तेच चार दिन पेटस. तू दात काढस. पाचवा दिन ते आपोआप थंड पडस. नाव तुन्हं व्हस आनि दात तिन्हा जास."

मी खुर्चीत बसलो, पेशंटच्या. हे सगळं मी कॉलेजात वाचलेलं होतं. बाईच्या शरीरातल्या संप्रेरकांची पातळी महिनाभर चढत-उतरत असते. पाळीच्या तोंडावर ती झपकन खाली येते, आणि काही जणींच्या जबड्याचे स्नायू, चेहऱ्याच्या नसा तेव्हा इतक्या हळव्या होतात की एरवी नुसता स्पर्श वाटावा तिथे कळ उठते. दुखणं खोटं नसतं, पण ते दातात नसतं. परीक्षेत मी त्याचं उत्तर लिहून पास झालो होतो. पण समोरची बाई महिन्याच्या कुठल्या दिवशी माझ्यासमोर बसली आहे हे विचारायचं मला कधी सुचलं नाही, आणि जी विचारत होती तिच्यावर मी खेकसत होतो. मला लाज वाटली. ती कबूल करण्याऐवजी मी म्हणालो, "हे आधी नीट सांगायला काय झालं होतं?"

"दररोज तर सांगस," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

महिना भरायच्या आत ज्योती तिसऱ्यांदा आली. या वेळी सासूने बाहेरूनच सांगितलं, की तिसरी दाढ असेल, काढून टाका. ज्योतीला बोलवतही नव्हतं. तिने माझा हात धरला. "काढी टाका साहेब. सगया काढी टाका, पन हाई थांबाडा."

दुखणं समोर असं रडत असताना पक्कड हातात न घेणं किती अवघड असतं, ते दातांच्या डॉक्टरलाच कळेल. माझा हात ट्रेकडे गेलासुद्धा. ट्रे रिकामा होता.

प्रमिलाताईंनी सासूसमोर आ केला. तीन जागा दाखवल्या. सासू काही कच्ची नव्हती. "तुम्हना दात गयात, त्याले आम्ही काय करसूत?"

"काहीच नका करा. सातवा दिन हिले आना. जो दात दुखी ऱ्हायना त्यावर हिनी बोट ठेवं, तर मी सोता भाऊना हातमा पक्कड दिसू."

"सातवा दिन ती माले घरमा लागस. मिरची तोडाले बाया येतस. त्यासना सयपाक कोन करी?"

"मी करसू."

सासूला वाटलं, बोलायची रीत. मलाही तसंच वाटलं. मी ज्योतीला गोळ्या दिल्या, गाल शेकायला सांगितला, दात आवळून धरू नको, मऊ खा, म्हणून बजावलं. पण सातव्या दिवशी सकाळी दवाखान्याला कुलूप. प्रमिलाताई पहिल्या एसटीने प्रकाशाला गेल्या होत्या. तिथे चौदा बायकांच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा करून, सासू-सुनेला घेऊन त्या अकराला उगवल्या. तोवर मी बाहेर ओट्यावर बसून, किल्ली स्वतःकडे ठेवायची नाही ही वडिलांची पद्धत किती मूर्खपणाची आहे याचा विचार करत होतो.

ज्योती खुर्चीत बसली. पक्कड ट्रेमध्ये होती, प्रमिलाताईंनी शब्द पाळला होता. मी म्हणालो, "दाखव, कुठला?" तिने बोट तोंडात घातलं. मागच्या दातावर ठेवलं, काढलं. पुढच्यावर ठेवलं, काढलं. मग वरच्या दातांवरून फिरवलं. मी आरशाच्या दांडीने एकेक दात ठोकला, गाल दाबला, कानापुढचा सांधा दाबला. तिला हसू आलं. बोट फिरता फिरता त्या दोन रिकाम्या जागांवर येऊन थांबलं.

"मंग पहिला दोन कसाले काढात?" तिने विचारलं.

सासू खिडकीबाहेर बघायला लागली. उत्तर मीच द्यायचं होतं. "माझी चूक झाली," मी म्हणालो. पेशंटला असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो. त्या जागा मी पुढे भरून दिल्या, पण ते माझे दात, तिचे नव्हेत. तिसरी दाढ अजून तिच्या तोंडात आहे.

यानंतर आमचं गूळपीठ जमलं असं कोणाला वाटेल, तर तसं काही नाही. दर बाईला तो प्रश्न आता मीही विचारतो, दार लावून, हळू आवाजात. प्रमिलाताईंचं म्हणणं, हळू विचारलं की बाई खोटं बोलते. यावरून आम्ही रोज भांडायचो. त्यात शेवटची दोन वर्षं त्यांची स्वतःची पाळी जायला आली आणि कॅलेंडर पार बिघडलं. उभी रेघ कधी वीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. गाल कधीही पेटायचा. पंखा कधीही बंद व्हायचा. "हाई एकदाव सरू दे," त्या म्हणायच्या, "मंग पाह्यजो." मी म्हणायचो, सगळ्यांचं थांबतंच असं नाही, काहींचं राहतं. तर त्या माझ्याकडे असं बघायच्या, की ते जणू मीच ठरवणार आहे.

मग मुलीने त्यांना अक्कलकुव्याला बोलावून घेतलं. शेवटच्या दिवशीही त्यांनी नेहमीसारखा वडिलांचा फोटो पुसला, उदबत्ती लावली आणि रोजचं वाक्य म्हटलं, "मोठा साहेबना हात फार हलका व्हता." मला मात्र जाताना एवढंच सांगितलं, की कुकरचं रबर बदल.

कपाट आवरायला घेतलं तेव्हा वडिलांच्या जुन्या केसपेपरांचा खोका निघाला. त्यात प्रमिलाताईंचं कार्ड होतं, त्या कामाला लागल्या त्याच वर्षाचं. वडिलांचं सुवाच्य अक्षर. वरची डावी दाढ, काढली. आराम. चार आठवड्यांनी शेजारची, काढली. आराम. आणखी चार आठवड्यांनी तिसरी. आराम.

अकरा वर्षं ही बाई त्याच माणसाच्या हातात पक्कड देत होती, आणि त्यानंतर रोज त्याचा फोटो पुसत होती. तेव्हा मला आठवलं, शेवटी शेवटी वडील घरी कुरकुरायचे, की हल्ली वेळेवर पक्कड सापडत नाही, कुकर जुना झाला. त्यांना तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खचले असते, हे मलाही कळतं. पण ते थांबले असते. मीही शहाणा झालो असतो आणि ज्योतीचे दोन दात वाचले असते. याबद्दल मी प्रमिलाताईंवर आजही चिडतो. त्यांच्यावर चिडून झालं की वडिलांवर चिडतो, आणि मग उरतो मीच.

यंदा हिवाळ्यात शाळेतल्या मुलांचे दात तपासायला अक्कलकुव्याला जायचं होतं. ते कार्ड मी खिशात घेतलं. बाजाराचा दिवस होता, डोंगरातली माणसं उतरलेली, हायवेवर ट्रकांची रांग. प्रमिलाताईंना शोधावं लागलं नाही. बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर त्या बसल्या होत्या, वर तोंड करून, आ वासून. समोर एक तरुण बाई गाल धरून वाकून बघत होती.

"कोनी काढात?" तिने विचारलं.

"व्हता एक डॉक्टर," प्रमिलाताई म्हणाल्या. "पन हात फार हलका व्हता त्याना."

मी त्यांच्या मागे उभा होतो. माफी मागायची म्हणून आलो होतो, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. त्यांनी वळून पाहिलं. गार वारा सुटला होता आणि त्यांच्या गालावर पदर नव्हता.

"तू आठे?" त्या म्हणाल्या, आनंदाने नव्हे, हजेरी घेतल्यासारख्या. "मंग दवाखानामा कोन शे?"

"कोणी नाही. बंद ठेवलाय."

"आनि पक्कड?"

त्या तरुण बाईने गाल धरलेला हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी खिशातलं कार्ड खिशातच राहू दिलं.

"कुकरमा शे," मी म्हणालो.